कुपीवरचं सील

(प्रस्तावना)

रविवारी रात्री दहानंतर पौड रस्त्यावर थोडा वेळ उभं राहिलं की मुळशीहून परतणाऱ्या गाड्या ओळखू येतात. चाकांना लाल माती, मागच्या काचेला वाळत टाकलेले टॉवेल, सीटवर आडवी झालेली पोरं. भूगाव मागे पडतं, चांदणी चौक उतरतो आणि कोथरूड लागतं. इथे आलं की माणूस सैलावतो. घर आता दहा मिनिटांवर आलेलं असतं. मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत घात झाला तो याच दहा मिनिटांत, आणि मला येणारे फोनही याच दहा मिनिटांतले असतात.

"काका, झोपला होतात का? नाकाबंदीत धरलंय. मशिनमध्ये फुंकायला लावलं. दोनच पेग घेतले होते हो."

मी पंचवीस वर्षं शिवाजीनगरच्या न्यायालयात फौजदारी वकिली करतो आणि राहतो डहाणूकर कॉलनीत. त्यामुळे 'काका' म्हणणारा आवाज कधी वरच्या मजल्यावरच्या मुलाचा असतो, कधी मुलीच्या वर्गमित्राचा, एकदा तर सख्ख्या भाच्याचा होता. फोनवरचे तीन प्रश्न ठरलेले. गाडी आज मिळेल का, दंड किती, आणि कुणाशी ओळख आहे का? मशिनवर आकडा किती आला, हे मलाच विचारावं लागतं. तोंडात धरायची नळी नवी होती का, सही केली त्या कागदावर वेळ काय लिहिली होती, हे तर कुणालाच आठवत नाही. या न विचारलेल्या प्रश्नांसाठी मी हे पुस्तक लिहिलं.

मोटार वाहन कायदा, 1988, कलम 185. पोलीस आणि वकील नुसतं 'एकशे पंच्याऐंशी' म्हणतात. 100 मिलीलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणं किंवा चालवायचा प्रयत्न करणं, हा तो गुन्हा. पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलं तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. 2019 च्या दुरुस्तीआधी दंडाची कमाल मर्यादा अनुक्रमे 2,000 आणि 3,000 रुपये होती. अनेकांच्या डोक्यात अजून तेच जुने आकडे आहेत. हेल्मेटच्या दंडासारखी जागेवर पावती फाडून हे प्रकरण मिटतं, असा समजही त्यातूनच टिकून राहिला आहे. तसं होत नाही. हा गुन्हा तडजोडीने मिटणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. न्यायालयात उभं राहावंच लागतं.

'दोनच पेग' या शब्दांचं गणित मी अशिलांना कागदावर करून दाखवतो. व्हिस्कीचा 30 मिलीचा छोटा पेग, तीव्रता 42.8 टक्के, म्हणजे शुद्ध अल्कोहोल सुमारे 10 ग्रॅम. सत्तर किलोच्या पुरुषाने तो रिकाम्या पोटी घेतला तर रक्तातल्या आकड्यात ढोबळमानाने 20 मिलिग्रॅमची भर पडते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच पेगाने आकडा अधिक चढतो. आणि आपल्याकडे गप्पांमधला पेग बहुतेक वेळा 60 मिलीचा असतो. म्हणजे पहिला मोठा पेग संपता संपताच माणूस मर्यादा ओलांडून जाऊ शकतो. 'दोनच' म्हणणारा तिच्या कितीतरी पुढे असतो, आणि तो खोटं बोलत नसतो. त्याला खरोखरच आपण ठीक आहोत असं वाटत असतं. दारू सगळ्यात आधी हीच जाणीव बोथट करते.

उतरण्याचा वेग त्याहून फसवा. शरीर तासाला साधारण 15 मिलिग्रॅमच्या हिशेबाने अल्कोहोल निकालात काढतं. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, मसाला पान, कशानेही हा वेग वाढत नाही. रात्री दहा ते एक या वेळात चार मोठे पेग घेतलेला माणूस सकाळी सात वाजता मुलाला शाळेत सोडायला निघतो, तेव्हा त्याच्या रक्तात 30 च्या आसपास आकडा असू शकतो. त्याने दात घासलेले असतात, चहा झालेला असतो, कपाळाला गंधही असतं. सकाळी पकडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य मी पाहिलं आहे. ते नाटक नसतं.

परदेशातून सुट्टीला आलेल्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट. कोथरूडच्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीत अशी मुलं आहेत. इंग्लंडमध्ये मर्यादा 80 मिलिग्रॅमची आहे, अमेरिकेच्या बहुतेक राज्यांतही 80 च. स्कॉटलंडने 2014 मध्ये ती 50 वर आणली. आपली 30 ची मर्यादा जपानच्या बरोबरीची, स्वीडनच्या 20 च्या जवळची. लंडनमध्ये कायद्यात बसणारा माणूस कर्वे रस्त्यावर त्याच घोटांवर आरोपी होतो.

आता ज्यासाठी हे पुस्तक लिहायला घेतलं त्या विषयाकडे येतो.

दारू प्यायलेल्या माणसाविरुद्ध पुरावा कसा गोळा करायचा, ही शिस्त महाराष्ट्राला मोटारींनी नाही, दारूबंदीने शिकवली. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि कुणी प्यायलं आहे की नाही, हे सिद्ध करायची वेळ सरकारवर आली. त्या कायद्याच्या कलम 66 मध्ये रक्तातल्या 0.05 टक्के अल्कोहोलची रेघ आखली गेली. त्या पातळीवर किंवा तिच्यावर आकडा गेला की निर्दोषत्व दाखवायची जबाबदारी आरोपीवर. एवढं मोठं ओझं आरोपीवर टाकायचं तर मोजणी निर्दोष हवी. म्हणून 1959 मध्ये वैद्यकीय तपासणी आणि रक्तचाचणीचे नियम झाले. ते नियम मी आजही नव्या वकिलांना शब्दन् शब्द वाचायला लावतो. सिरिंज उकळत्या पाण्यात निर्जंतुक करायची. कातडी निर्जंतुक पाण्याने पुसायची. रक्त काढताना कुठल्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, म्हणजे एरवी इंजेक्शनआधी लावतात तो स्पिरिटचा बोळा इथे चालत नाही. रक्त न गोठण्यासाठी आणि टिकण्यासाठी द्रव्य घातलेल्या कुपीत ते ओतायचं, कुपी जोरात हलवायची, लेबल लावायचं, झाकणावर लाख ओतून डॉक्टरच्या मोहरेचं सील करायचं. सत्तर वर्षं होत आली या नियमांना. एकेक वाक्य कुणाच्या तरी अनुभवातून आलं आहे.

लोक या गोष्टींना पळवाटा म्हणतात. "वकील काय, सील तुटलं होतं म्हणून सोडवून आणतात." हे वाक्य मी नातेवाइकांच्या तोंडून ऐकलं आहे, लग्नाच्या पंगतीत ऐकलं आहे. मी दरवेळी थांबून उत्तर देतो, कारण ते मनाला लागतं, आणि कारण ते चुकीचं आहे.

19 मे 2024 ची पहाट पुणेकर विसरलेले नाहीत. कल्याणीनगरमध्ये एका अल्पवयीन मुलाच्या हातातल्या पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि देशभर संताप उसळला. मला मात्र हादरवलं ते आठवडाभराने समोर आलेल्या गोष्टीने. ससून रुग्णालयात घेतलेला त्या मुलाच्या रक्ताचा नमुना बदलला गेला, असा आरोप पोलिसांनी ठेवला आणि रुग्णालयातल्या दोन डॉक्टरांना अटक झाली. ही अदलाबदल उघडकीला आली ती औंधच्या सरकारी रुग्णालयात घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यामुळे. दोन्ही नमुन्यांचा डीएनए जुळला नाही. प्रकरण न्यायालयात आहे, दोषी कोण ते न्यायालय ठरवेल. पण त्या दिवसांत रस्त्यावर उतरलेल्या माणसांना कुपी, सील, लेबल, नमुना कुणाच्या ताब्यात किती वेळ होता, या सगळ्याचा अर्थ एका रात्रीत कळला. जे प्रश्न बचावाचा वकील उलटतपासणीत विचारतो, तेच प्रश्न आता मृतांच्या बाजूने विचारले जात होते. कुपीवरचं सील आरोपीचं रक्षण करतं तसंच ते मेलेल्या माणसाचंही करतं. वकिलीच्या इतक्या वर्षांत मला सापडलेली एकमेव महत्त्वाची गोष्ट ही आहे, आणि पुढची सगळी प्रकरणं तिच्याभोवती लिहिली आहेत.

उलट बाजूचं उदाहरणही महाराष्ट्रातलंच आहे. सप्टेंबर 2002 मध्ये वांद्र्याच्या बेकरीसमोर झालेल्या अपघाताच्या खटल्यात अभिनेता सलमान खान याला सत्र न्यायालयाने मे 2015 मध्ये दोषी ठरवलं. त्याच वर्षी 10 डिसेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. निकालावर मतं काहीही असोत, रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीवर त्यात घेतलेल्या शंका प्रत्येक तपास अधिकाऱ्याने वाचाव्यात अशा आहेत. नमुना नीट जपला गेला नाही की आरोपी खरोखर प्यायला होता का, हा प्रश्नच कायमचा अनुत्तरित राहतो. मग सुटलेल्याच्या नावाला शंका चिकटून राहते आणि गेलेल्याच्या घरच्यांना कधीच उत्तर मिळत नाही.

निव्वळ वासावरून माणसाला दोषी धरता येत नाही, हेही जुनंच तत्त्व. बच्चूभाई हसनअल्ली कारियानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1971 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की तोंडाला दारूचा वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणं आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून तो गाडी चालवताना नशेत होता असा निष्कर्ष काढता येणार नाही. तेव्हा फुंकायची यंत्रं रस्त्यावर नव्हती. आज आहेत. म्हणून आजचा बचाव यंत्रापासून सुरू होतो.

यंत्राबद्दल कायदा काय सांगतो, ते नीट समजून घ्यावं. कलम 203 प्रमाणे गणवेशातला पोलीस अधिकारी, त्याला वाजवी संशय असेल तर, चालकाला श्वासाची चाचणी द्यायला सांगू शकतो. यंत्र केंद्र सरकारने राजपत्रात मान्य केलेल्या प्रकारचं हवं. फुंकण्याआधी ते शून्य दाखवतं का, नळी नवी आहे का, कागदावर तारीख, वेळ आणि यंत्राचा क्रमांक आहे का, हे चालकाने पाहून घ्यावं आणि ते दाखवायला प्रामाणिक पोलिसाला काहीच अडचण नसते. नुकतंच माउथवॉश वापरलं असेल किंवा उलटी झाली असेल, तर तोंडात राहिलेलं अल्कोहोल आकडा वाढवू शकतं. ते तिथेच सांगावं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी मागावी. अटक झाली तर कलम 204 प्रमाणे रक्ताचा नमुना घेता येतो. कलम 202 सांगतं की अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर कोठडीतून सोडावं लागतं. इथे एक गैरसमज फार पसरला आहे. कोठडीतून सुटणं म्हणजे खटल्यातून सुटणं नव्हे. दोन तास टळले म्हणून गुन्हा पुसला जात नाही. आणि नकार देण्याचा सल्ला देणारे मित्र असतात, त्यांचं ऐकू नये. कलम 205 प्रमाणे कारण नसताना दिलेला नकार सरकारी पुराव्याला बळ देणारी गोष्ट म्हणून न्यायालय धरू शकतं.

भाच्याचा फोन आला त्या रात्री मी त्याला एवढंच सांगितलं. खोटं बोलू नकोस, फुंकायला नाही म्हणू नकोस, वेळ वाचून मग सही कर, रिक्षाने घरी ये. ओळख काढायला त्याने दोनदा विनवलं. मी काढली नाही. बहिणीने माझ्याशी काही महिने बोलणं टाकलं होतं. कागद माझ्या हातात आले तेव्हा मी ते कुठल्याही अशिलाचे तपासतो तसे तपासले. सगळं नीट होतं, आकडा 30 च्या बराच वर होता. त्याने गुन्हा कबूल केला. पुढचे सहा महिने तो वनाजवरून मेट्रोने गेला.

सहा महिने, कारण कलम 20 प्रमाणे 185 खाली दोषी ठरवणाऱ्या न्यायालयाने किमान तेवढ्या काळासाठी वाहन चालवायला अपात्र ठरवायचं असतं. दहा हजारांच्या दंडाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, या शिक्षेकडे कुणाचंच नसतं. कुरिअरवाल्याच्या, टॅक्सीवाल्याच्या घरी मात्र चूल तिनेच विझते. म्हणून 'कबूल म्हणा, दंड भरा, मोकळे व्हा' असा सल्ला बाकावर बसल्या बसल्या देणाऱ्यांचा मला राग येतो. कबुली म्हणजे दोषसिद्धी. पुढच्या वेळी ती दुसरा गुन्हा म्हणून मोजली जाते. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात अटक आणि दोषसिद्धीबद्दल थेट प्रश्न असतो, आणि तिथे खोटं लिहिणं मूळ गुन्ह्यापेक्षा महाग पडतं. आधी कागद पाहावेत, मग ठरवावं. पुरावा पक्का असेल तर कबुली देऊन शिक्षेबाबत सौम्यतेची विनंती करणं हाही बचावच आहे. पहिलाच गुन्हा असेल तर परिविक्षेचा, म्हणजे 1958 च्या प्रोबेशन कायद्याचा अर्ज करून पाहता येतो.

विम्याचं थोडक्यात सांगतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नशेत चालवल्याच्या कारणाने नाकारला जातो, आणि रक्तचाचणी झाली नव्हती एवढ्याने तो मिळेल असं नाही. इतर परिस्थितीवरूनही विमा कंपनी नशा सिद्ध करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये पर्ल बेव्हरेजेसच्या प्रकरणात स्पष्ट केलं. आणखी एक कलम माहीत नसलेलं, 188. नशेतल्या माणसाला गाडी चालवायला चिथावणारा किंवा मदत करणारा त्याच शिक्षेला पात्र असतो. पार्टीनंतर "तूच चालव रे, तुला काही होत नाही" म्हणणाऱ्या मित्रांनी ते वाचावं.

माणूस मेला की सगळंच बदलतं. सप्टेंबर 2024 मध्ये, गणपती बसलेले असताना, आपल्या पौड फाट्याजवळ एका पिकअप टेम्पोने वाहनांना धडका दिल्या. चालक प्यायलेला असल्याचा आरोप होता आणि एक महिला प्राणाला मुकली. त्याच डिसेंबरात वाघोलीत पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर डंपर गेला, तिघे गेले, त्यांत दोन लहान मुलं. अशा वेळी कलम 185 बाजूला पडतं आणि प्रश्न येतो तो निष्काळजीपणाचा की सदोष मनुष्यवधाचा. हा फरक आपल्या कायद्यात ठळक झाला तो कार्टर रोडच्या खटल्याने. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे वांद्र्यात ॲलिस्टर परेरा याच्या गाडीखाली पदपथावर झोपलेले सात मजूर मेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा मानून सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने ती बदलून भारतीय दंड संहितेच्या कलम 304 च्या दुसऱ्या भागाखाली तीन वर्षं केली, आणि जानेवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. नशेत भरधाव गाडी चालवणाऱ्याला आपल्या हातून जीव जाऊ शकतो याची जाणीव होती असं धरता येतं, हा त्यातला गाभा. 1 जुलै 2024 पासून हेच भारतीय न्याय संहितेच्या 106 आणि 105 या कलमांत आहे. 106 खाली निष्काळजीपणे मृत्यू घडवल्याबद्दल 5 वर्षांपर्यंत कैद, आणि 105 खाली त्याहून कितीतरी जास्त. कुठलं कलम लागणार, हे बऱ्याचदा त्याच कुपीतल्या आकड्यावर ठरतं.

यंत्राला कसं फसवावं, पोलीस दिसल्यावर गाडी कुठे वळवावी, चालक म्हणून दुसऱ्याचं नाव कसं पुढे करावं, हे या पुस्तकात नाही. अशा सल्ल्यासाठी माझ्याकडे आलेल्यांना मी परत पाठवलं आहे आणि त्यांतल्या दोघांशी आजही बोलत नाही. दोषी असलेल्यालाही वकील मिळाला पाहिजे, हे मी मनापासून मानतो. त्याला खोटा नमुना मिळता कामा नये, हेही तितकंच.

हस्तलिखित पूर्ण होत आलं असताना एक बाई ऑफिसात आल्या. त्यांचे यजमान रात्रपाळीहून परतताना एका मोटारीखाली गेले होते. चालक प्यायलेला होता असं फिर्यादीत होतं. आरोपीची वकिली मी करत नव्हतो. सरकारी वकिलांना काही विचारायचं तर आधी आपल्याला कळायला हवं, म्हणून त्या मला विचारायला आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी कागद काढले. दोषारोपपत्राची नक्कल, डॉक्टरचा फॉर्म, गणेशखिंडच्या प्रयोगशाळेचा अहवाल. प्रयोगशाळेच्या अहवालात सील शाबूत असल्याची आणि ते नमुना सीलशी जुळत असल्याची ओळ असते, ती मी त्यांना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग डॉक्टरच्या फॉर्मवर एक बोट आणि अहवालावर दुसरं बोट ठेवून विचारलं, "या कुपीवरचा नंबर आणि इथला नंबर एकच आहे ना?"

एकच होता. त्यांनी तो आपल्या वहीत उतरवून घेतला.